ओहोटीच्या डबक्यात कोणता कॅमेरा?

पत्र: मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी थंडीत आठवी-नववीच्या मुलांना ओहोटीला खडपात, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर नेते आणि पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. फोटो फोनवर काढते, पण डबक्यातलं काही नीट येत नाही आणि सड्यावरची फुलं म्हणजे नुसते ठिपके. पगाराच्या थकबाकीचे 45 हजार रुपये यासाठी बाजूला ठेवले आहेत. पुण्याचा भाचा म्हणतो, सुरुवातीचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घे, खरा कॅमेरा तोच. शाळेतले एक सहकारी म्हणतात, पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा घ्या. दोन्हींचे भाव काढले, थोडी ओढाताण केली तर दोन्ही बसतात. शाळेचं गॅदरिंग आणि खाडीवरचे पक्षी यांचेही फोटो हवे आहेत. पण घेणार एकच. कोणता घेऊ?

— एक शिक्षिका, देवगड तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

पाण्यात चालणारा छोटा घ्या. तुमच्या पत्रात आधी खडप आलं, मग सडा, आणि गॅदरिंग अगदी शेवटी. हाच क्रम उलटा असता तर माझं उत्तरही उलटं असतं.

डबक्यातलं नीट का येत नाही, तिथून सुरू करू. आपण वरून फोटो काढतो तेव्हा कॅमेऱ्याला आधी पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. त्यावर आभाळ चमकत असतं, वाऱ्यानं बारीक लहरी उठत असतात आणि त्यांच्याखाली समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा प्राणी) हललेलं, पुसट. भाचा यावर म्हणेल, डीएसएलआरला पोलरायझर फिल्टर लाव, चमक जाते. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण हा फिल्टर पाण्याकडे तिरकं पाहताना काम करतो. सरळ खाली रोखलेल्या नजरेपासून कॅमेरा साधारण 53 अंश कलता धरला, तर चमक जवळजवळ पूर्ण जाते. सरळ वरून पाहिलं तर फिल्टर लावला काय नि न लावला काय, सारखंच. आणि खडपातल्या डबक्यात तर आपण बहुतेकदा वाकून सरळ खालीच बघत असतो. शिवाय लहरींवर फिल्टरचा काही इलाज नाही.

कॅमेरा पाण्यात बुडवला की पृष्ठभागाचा हा सगळा प्रश्नच राहत नाही. चमक नाही, लहरी नाहीत. शंखातला खेकडा तुमच्याकडे बघतोय, दगडाला चिकटलेल्या समुद्रफुलाचा एकेक धागा वेगळा दिसतोय. मी पहिल्यांदा असा कॅमेरा गुडघाभर पाण्यात धरला आणि काठावर येऊन फोटो पाहिला, तेव्हा याच किनाऱ्यावर इतकी वर्षं येऊन आपण काय काय पाहिलंच नव्हतं, ते कळलं. तुमच्या मुलांना नेमकं हेच दिसायला हवं.

डीएसएलआर पाण्यात नेता येतो, नाही असं नाही. त्यासाठी हौसिंग नावाची जलरोधक पेटी मिळते. चांगली पेटी कॅमेऱ्याइतकी, कधी त्याहूनही महाग पडते, आणि ती घेऊन डबक्यात वाकणं म्हणजे बादलीत हंडा बुडवण्यासारखं आहे. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर माझा विश्वास नाही.

आता सड्यावरची फुलं. कातळावर पाणी साचलं की सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद असं जे काही उगवतं, ते बहुतेक नखाएवढं. डीएसएलआरबरोबर येणारी 18-55 मिलिमीटरची लेन्स साधारण 25 सेंटिमीटरपेक्षा जवळचं फोकस करत नाही. फूल त्यात दिसेल, पण चौकटीचा बराचसा भाग कातळच असेल. नीट जवळचे फोटो हवेत तर वेगळी मॅक्रो लेन्स घ्यावी लागते, आणि ती तुमच्या 45 हजारांत नाही. याउलट पाण्यात चालणाऱ्या छोट्यांपैकी ओएम सिस्टीमचा टफ टीजी-7 किंवा त्याआधीचा ऑलिम्पस टीजी-6 घ्या. यांत सूक्ष्मदर्शक पद्धत आहे, ती वापरली की लेन्सच्या काचेपासून 1 सेंटिमीटरवरचंही स्पष्ट येतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरच्या चिकट थेंबात अडकलेली माशी मुलांना वर्गात पडद्यावर दाखवता येईल.

इथे छोट्या कॅमेऱ्याचा एक दोषच त्याचा गुण ठरतो. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग, फार लहान असतो. टीजी-7चा सेन्सर ढोबळमानाने 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटर, म्हणजे 28 चौरस मिलिमीटरच्या आसपास. कॅननच्या 1500डीसारख्या सुरुवातीच्या डीएसएलआरचा 22.3 गुणिले 14.9, म्हणजे सुमारे 332. जवळजवळ बारापट. मोठ्या सेन्सरवर जवळचा फोटो घेताना बेडकाचा डोळा स्पष्ट आला की पाय धूसर होतात. कलाकाराला ते आवडतं. विज्ञानाच्या शिक्षिकेला मात्र डोळा, कानाचा पडदा, बोटांमधला पडदा असं सगळं एकाच फोटोत हवं असतं, नाहीतर ओळख पटवायची कशी? लहान सेन्सरवर अशी खोली जास्त मिळते.

पण हाच लहान सेन्सर अंधुक उजेडात कमी पडतो. तुमच्या बाबतीत याचा संबंध थेट भरती-ओहोटीशी आहे. तुम्ही किनाऱ्यावरच्या आहात, तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला येत असेल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या पुढे. पाणी सगळ्यात लांब जातं ते असं उजेड कमी असताना. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, लख्ख ऊन, पण भांगाचं पाणी फारसं मागे हटतच नाही, आणि खालच्या अंगाची डबकी उघडी पडत नाहीत. मी यातून काढलेली वाट अशी: द्वितीया-तृतीयेला जा. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो आणि सकाळची ओहोटी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. उजाडलेलं असतं, डबकी उघडी असतात. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्याच. मुलं बरोबर आहेत, पाणी परत कधी फिरतं ते मिनिटावर माहीत हवं.

पक्ष्यांचं काय? इथे बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. डीएसएलआर घेतला की लांबचं जवळ दिसतं, असं लोक धरून चालतात. 18-55च्या लेन्सनं ते होत नाही. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मापात सांगायचं तर कॅननवर तिचं लांब टोक 88 मिलिमीटरला जातं. टीजी-7चं लांब टोक 100 मिलिमीटर. म्हणजे खाडीपलीकडचा खंड्या डीएसएलआरच्या या लेन्समधून उलट किंचित लहानच दिसेल. पक्ष्यांसाठी 55-250सारखी लेन्स लागते, ती त्याच मापात 400 मिलिमीटरपर्यंत पोचते. ती लेन्स वेगळी, तिचे पैसे वेगळे. तेव्हा दोन्हींतलं काहीही घेतलंत तरी पक्षी या पैशांत येत नाहीत. तो बेत आत्ता बाजूला ठेवा.

गॅदरिंगला मात्र डीएसएलआरच चांगला, यात शंका नाही. रंगमंचावरचा पिवळा-लाल उजेड, नाचणारी मुलं, तुम्ही दहाव्या रांगेत, अशा ठिकाणी छोटा कॅमेरा हात टेकतो. फोटो दाणेदार येतील, हललेलेही येतील. वर्षातून एका संध्याकाळसाठी गावातला फोटोवाला बोलवा. तोही तुमचा माजी विद्यार्थीच असेल.

आता कोकणच्या हवेविषयी. पुण्याच्या भाच्याला हे सहसा ठाऊक नसतं. माझी पहिली 18-55 लेन्स मी एका जूनमध्ये कॅमेऱ्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि गणपतीत बाहेर काढली. उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्यानं ती उघडून पुसून दिली, पण काचेवरचा लेप गेला तो गेलाच, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी पुन्हा आली. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण चूक टाळता येण्यासारखी होती. कापडाची किंवा चामड्याची पिशवी ओल धरून ठेवते. कॅमेरा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. हे पथ्य डीएसएलआरला फार कडक पाळावं लागतं, कारण लेन्स काढघाल करताना आत हवा जाते, आणि समुद्राकाठी त्या हवेत मीठ असतं. छोटा जलरोधक कॅमेरा सगळीकडून बंद असतो. त्यालाही डब्यातच ठेवा, पण त्याची काळजी निम्म्यानं कमी.

मुलांचा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, तरी माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे. तीस मुलं खडपात. शेवाळानं निसरडे झालेले दगड, कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा, कुणी तरी घसरणारच. डीएसएलआर तुमच्या गळ्यात असेल आणि तुम्ही तो कुणाच्या हातात द्यायला धजणार नाही. सगळे फोटो बाई काढतील, मुलं मागे उभी राहून बघतील. टीजी-7 कंपनीच्या मापानुसार 2.1 मीटरवरून पडला तरी चालतो, पाण्यात 15 मीटरपर्यंत जातो आणि वजनाला पाव किलोच्या आसपास आहे. दोरी मनगटात अडकवा आणि द्या एकेकीच्या, एकेकाच्या हातात. वर्गात कधीही हात वर न करणारी एखादी मुलगी डबक्याशी पंधरा मिनिटं पालथी पडून समुद्री गोगलगायीचा फोटो काढते, तेव्हा तिला त्या गोगलगायीविषयी वेगळं काही शिकवावं लागत नाही. ती स्वतःच विचारत येते.

आणखी एक. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्यांमध्ये तारामासे आणि समुद्रघोडे पांढरेफटक होऊन पडलेले असतात. मुलांना खडपात नेलं की काही तरी उचलून आणायची ओढ लागतेच. पोवळी, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी उचलू नये असंच मी म्हणेन. शंकूच्या आकाराचे काही शंख तर डंख मारतात, त्यांना हातही लावू देऊ नका. कॅमेरा हातात असला की 'उचलू नका' एवढ्यावर थांबावं लागत नाही, 'फोटो काढा' असं सांगता येतं. दगड उलटला तर फोटो झाल्यावर तो होता तसाच परत ठेवायचा, एवढा नियम मुलांना पहिल्याच दिवशी लावा. काढलेले फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर ओळख पटवायला जाणकारांची मदत होते, आणि देवगडच्या खडपात काय काय आहे याची नोंदही राहते.

दुकानात गेलात की दुकानदार मेगापिक्सेल पुढे करेल: डीएसएलआरला 24, याला 12च. त्यावर जाऊ नका. ए-4 कागदावर 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, आणि तुमचे फोटो बहुतेक प्रोजेक्टरवरच दिसणार आहेत. जलरोधक कॅमेरे बाजारात आता मोजकेच राहिलेत. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू300 कुठे शिल्लक असेल तर तो 30 मीटर खोल जातो, पण तुम्हाला खोलीचा काय उपयोग? तुमचं काम गुडघाभर पाण्याचं. तुम्हाला हवं आहे जवळचं फोकस, आणि त्यात टीजी सरस आहे. पक्कं जीएसटी बिल घ्या, भारतातली वॉरंटी आहे का ते लेखी विचारा. जुना, वापरलेला जलरोधक कॅमेरा मात्र घेऊ नका. झाकणाच्या कडेनं पाणी अडवणाऱ्या रबरी गॅस्केटची अवस्था बाहेरून कळत नाही.

‘माझा फोनही वॉटरप्रूफ आहे’ असं कुणी तरी म्हणेलच. फोनची ती खात्री प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्याची असते. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत शिरलं की गंज धरतो, आणि पाण्याखाली फोनची काच बोटाला दाद देत नाही. कोरड्यात, चांगल्या उजेडात मात्र आजचा बरा फोन या छोट्या कॅमेऱ्याच्या तोडीचा, कधी सरसही फोटो देतो. सहलीचे, वर्गाचे, माणसांचे फोटो फोनवरच काढत राहा. कॅमेरा ओल्यासाठी आणि बारक्यासाठी.

आता जपायचं कसं. या कॅमेऱ्याचा जीव त्याच्या झाकणाच्या गॅस्केटमध्ये आहे. एक केस, वाळूचा एक कण तिथे अडकला की पाणी आत जाण्याची वाट तयार होते. आणि पाणी शिरलं तर वॉरंटी सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून बॅटरी आणि कार्ड घरी, कोरड्या हातांनी, पंख्याखाली उजेडात घालायचं. झाकण लावायच्या आधी गॅस्केटवरून नजर आणि स्वच्छ कोरडं कापड फिरवायचं, मग झाकण बंद करून खटका लावायचा. किनाऱ्यावर झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. दुसरी बॅटरी जरूर घ्या, पण ती बदलायची घरी आल्यावरच. समुद्रातून आलात की कॅमेरा बंद झाकणासह गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा, बटणं दोन-चार वेळा दाबा म्हणजे फटीतलं मीठ सुटेल, मग सावलीत वाळवा. कडक उन्हात वाळूवर ठेवू नका. गॅस्केट वर्षातून एकदा सेवा केंद्रात बदलून घ्यायला सांगतात, तो खर्च मनात धरून ठेवा.

फोटो काढताना दोन गोष्टी. पाण्यात झूम करू नका, कॅमेराच जवळ न्या. आपलं पाणी गढूळ असतं, मधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ. आणि कॅमेरा बुडवला की काचेवर हवेचा बुडबुडा चिकटतो, तो पाण्याखालीच बोटानं पुसून मग फोटो घ्या. पहिल्या दिवशी मी हे विसरलो आणि सगळ्या फोटोंत मधोमध एक गोल धूसर डाग आला होता.

भाच्याला माझ्याकडून एवढं सांगा की त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे. छिद्र, शटर, उजेड यांचं गणित शिकायला डीएसएलआरसारखा गुरू नाही. तुमच्या मुलांपैकी कुणाला पुढे ती गोडी लागली, तर वापरलेला डीएसएलआर आणि 55-250 लेन्स शोधा. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी 2020नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्या आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळे लोक जुने कॅमेरे काढून टाकतात आणि चांगल्या स्थितीतले बऱ्या भावात मिळतात. तेव्हा खाडीवरचा तुमचा खंड्याही येईल. घेण्याआधी लेन्स उजेडासमोर धरून बुरशी बघायला विसरू नका.

कॅमेरा घरी आला की लगेच समुद्रावर नेऊ नका. बॅटरी आणि कार्ड घालून झाकण लावा आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवून बघा, बुडबुडे येत नाहीत ना. बाहेर काढून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग झाकण उघडून आत ओल आहे का ते बघा. कोरडं असेल तर येत्या पौर्णिमेनंतरची तृतीया गाठा.